शिताने चिकटवलेलं रॉकेट

चोरखमाऱ्याच्या तलावाखाली, धानाच्या बांध्यांना लागून आमची दोन खोल्यांची शाळा होती. मी तिथे चौथीला शिकवायची. २००६-०७ च्या सुमाराची ही गोष्ट. हवेचा धडा नुसता वाचून दाखवायचा मला कंटाळा आला होता, म्हणून मी मुलांना म्हटलं, आपण रॉकेटं करू.

जुना कागद पेन्सिलीवर गुंडाळायचा, एक टोक दुमडून बंद करायचं आणि दुपारच्या भाताच्या शितांनी चिकटवायचं. फुंकायला पपईच्या पानाचा पोकळ देठ; त्याच्या टोकावर रॉकेट चढवायचं. पहिल्या दिवशी सगळी रॉकेटं कोलांट्या खात पायाशीच पडली. मुलं हसून बेजार.

एक मुलगी मात्र हसली नाही. जंगलाकडच्या टोलीवरच्या चार घरांतली, भावाचा ढगळ सदरा घालून येणारी.

"मॅडम, बाणाले मागं पिसं काऊन असतात?" तिने विचारलं.

"तुला काय वाटतं?" मी म्हटलं.

 दुसऱ्या दिवशी तिने घरून रॉकेट करून आणलं, शेपटाकडे कागदाचे तीन पंख लावलेले. ते झेंड्याच्या खांबावरून सरळ गेलं. मग आठवडाभर आमचं तेच चाललं. पंख पुढे लावून बघ, एकच लावून बघ, टोकाला ओली माती लावून बघ. पडलं की ती स्वतः धावत जाऊन बघायची, कुठला पंख वाकला.

पुढच्या आठवड्यात ती आली नाही. ताप आहे, असं मुलं म्हणाली. तो डोक्यात गेला. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

थोड्या दिवसांनी तिची माय शाळेत आली. पदराखालून तिने रॉकेट काढलं. थुंकीने कागद मऊ पडला होता.

"तापातबी हे फुंकून राहिली होती," ती म्हणाली. "मॅडम, याच्यात तिची हवा असन का अजून?"

वर्गात मुलं ऐकत होती. हवेचा धडा त्यांना मीच शिकवला होता.

"नाही राहत," मी म्हटलं. "मागून निघून जाते."

"मंग कुठं जाते?"

"इथल्याच हवेत मिसळते."

तिने मान हलवली. मग ती ओट्यावर बसली आणि शाळा सुटेपर्यंत बसून राहिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. मग रोजच. मुलं फुंकायला लागली की ती देठाकडे बघत राहायची, रॉकेटाकडे नाही. मुलं तिच्यासमोर हळू फुंकायची. रॉकेटं जवळच पडायची. कोणी ओरडायचं नाही. हेडमास्तर म्हणाले, त्या बाईंना समजावून घरी पाठवा. मला ते जमलं नाही.

एके दुपारी तीच म्हणाली, "मले शिकवा."

मी तिच्याशेजारी बसले. तिने कागद गुंडाळला, शितं चोळली, पंख लावले. पहिलं रॉकेट गिरकी घेऊन तिच्याच डोक्यावर आलं. एक मुलगी फस्सकन हसली आणि घाबरून गप्प झाली. माय हसत होती. तिने रॉकेट उलटून पाहिलं, वाकलेला पंख नखाने सरळ केला आणि पुन्हा फुंकलं. पूर्ण छातीतून. ते कुंपणावरून थेट बांधीत गेलं.

ती चपला काढून चिखलात उतरली. धान गुडघ्यापर्यंत होतं, पाणी होतं. आम्ही सगळे कुंपणाशी उभे राहून बघत होतो. वाकून, हाताने धान बाजूला सारत ती बराच वेळ शोधत होती.

"गवसलं नाई," परत येऊन ती म्हणाली. पाय धुतले आणि गेली. त्यानंतर शाळेत कधी आली नाही. धान कापणीत एकदा दिसली. मी थांबले. तिने विळा न थांबवता विचारलं, "जेवल्या का मॅडम?" मी हो म्हटलं.

पुढे माझी बदली सौंदडकडे झाली. धडा अजून तसाच घेते. मुलं फुंकतात, धावतात, ओरडतात. पण एखादं मूल देठ तोंडाला लावतं, गाल फुगवतं आणि अजून फुंकत नाही, तेवढ्या क्षणात माझाच श्वास अडतो.