रांगेतलं सातवं झाड

ज्या बागेत चाळीस वर्षं राबला, तीच बाग बघायला माणूस तिकीट काढून जातो, म्हणजे कमालच झाली! पण मोठे माळी निघालेच. निवृत्त होऊन वर्ष झालं होतं, झाडं फुलायला लागली होती आणि त्यांचा जीव नुसता टांगणीला लागला होता. कशापायी, ते बायकोलासुद्धा ठाऊक नव्हतं.

फाटकापासून जुन्या हवेलीपर्यंत पांढऱ्या फुलांच्या झाडांची रांग होती. सगळी कलमं मोठ्या माळ्यांनी नोकरीच्या पहिल्या वर्षी स्वतः बांधलेली. त्यातल्या सातव्या झाडाचं कलम मेलं आणि ते ज्यावर बांधलं होतं, त्या खालच्या रानटी खुंटाचा फुटवा वर आला. असा फुटवा दिसला की मोडायचा, हे शेंबडं पोरही सांगेल. यांच्या लक्षात आलं तेव्हा झाड पुरुषभर उंच झालं होतं आणि कळ्या धरल्या होत्या गुलाबी. पांढऱ्या रांगेत गुलाबी! कबूल करावं तर नाक कापलं जाणार. मग दरवर्षी कळ्या धरायच्या आत ते शिडी लावून झाड बोडकं करायचे. कुणी विचारलंच तर, "कीड लागते हो त्याला." हाताखालच्यांना मात्र फुटव्यावरून असे झापायचे की सोय नाही.

यंदा छाटायला ते नव्हते.

"अहो, जरा हळू," बायको मागून म्हणाली. "बाग काही पळून जात नाहीये."

सातव्या झाडापाशी ही गर्दी! झाड गुलाबी फुलांनी लगडलं होतं आणि लोक त्याखाली उभे राहून फोटो काढत होते. मोठ्या माळ्यांच्या हाताखाली शिकलेली, आता त्यांच्या जागी आलेली माळीण लगबगीनं पुढे आली.

"या काका! वाटच बघत होते."

"हे... छाटलं नाहीस?"

"कशाला छाटायचं? कीड कुठंय त्याला?" ती हसली. "खुंटाचा फुटवा आहे, हे कामाला लागल्या वर्षीच कळलं होतं आम्हाला. ओळखायला तुम्हीच तर शिकवलंत. तुम्ही शिडी घेऊन निघालात की आम्ही सगळे मुद्दाम चहाला जायचो."

घ्या! चाळीस वर्षांची चोरी, आणि पहाऱ्यावर सगळी बाग! मोठ्या माळ्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि खरं सांगायचं तर हायसंही वाटलं. त्यांनी मान वर केली. एक फांदी हातानं खाली ओढली आणि फूल निरखत राहिले.

"किती सुंदर आहे हो!" बायको म्हणाली. "घरी कधी बोलला नाहीत या झाडाबद्दल."

"मीसुद्धा आजच बघतोय," ते म्हणाले. मग त्यांना रडू आवरेना. "अगं, चाळीस वर्षांत मी याला एकदाही फुलू दिलं नाही."