घमेल्याच्या काठावरची टकटक

गिलावा करावा तर आरसामामांनीच! त्यांनी हात फिरवलेल्या भिंतीत बघून दाढी करता येते, अशी साइटवर चेष्टा चालायची, म्हणून हे नाव. खोड एकच. थापी भिंतीवर फिरवून झाली की घमेल्याच्या काठावर दोनदा आपटायची. टक टक. हाताखाली काम करणारी त्यांची बायको तेवढ्यावरून ओळखायची, माल संपला, आणि घमेलं उचलायची.

मग साइटवर यंत्र आलं. लांबच्या लांब एक लोखंडी हात, पण अडाणी. त्याला शिकवायला साहेबांनी गवंड्यांच्या मनगटांना हाताची हालचाल टिपणारे तारांचे पट्टे बांधले. बाकीचे गवंडी बेरकी, मुद्दाम वेडीवाकडी थापी मारू लागले. बायकोनंही बजावलं, "अहो, हातचं राखून करा. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"कळतं गं मला."

कळत होतंच हो! पण साहेब म्हणाले, "मामा, तुमच्यासारखा हात उभ्या साइटवर नाही," आणि मामा चढले हरभऱ्याच्या झाडावर. शिवाय वाईट भिंत करायला त्यांचा हातच वळेना. जीव ओतून केली.

यंत्र शिकलं. गवंडी घरी बसले, मामांची बायकोही बसली. मामांना तेवढं यंत्र धुवायला ठेवलं. जुना सोबती रस्त्यात भेटला तर म्हणाला, "आमच्या पोटावर पाय दिलास की रे."

एकच समाधान होतं. भिंत झाली की यंत्र कडेला हात नेऊन हवेत दोन झटके द्यायचं. एकदा बायको डबा घेऊन आली, तिनं ते पाहिलं आणि सवयीनं घमेलं उचलायला वाकली. घमेलं कुठलं असणार तिथं! मामांना भडभडून आलं.

साहेबांनीही पाहिलं. "हे काय झटकतंय, मामा?"

"खोड आहे साहेब. माझी."

"फुकट वेळ जातो हो. काढून टाकू."

दुसऱ्या दिवशी यंत्र न थांबता भिंतीमागून भिंत करत गेलं. मामा पाइप धरून वाट बघत राहिले. एकही झटका आला नाही.

संध्याकाळी ते यंत्र धुवायला लागले. धुऊन झालं, तसं त्यांचं मनगट आपोआप दोनदा हललं आणि पाणी सगळीकडे उडालं.

"ओ मामा," मुकादम खेकसला, "नीट करता येत नसेल तर सांगा. धुणारं यंत्रही मिळतं!"