सोजरबाईंचं डायपर

सोजरबाई मूळच्या खराडीच्या. आता जिथं काचेच्या इमारती उभ्या आहेत, तिथं त्यांची मेथी-कोथिंबीर व्हायची आणि ती डोक्यावर घेऊन बाई पायी मंडई गाठायच्या. वय अठ्ठ्याहत्तर, पण पाय ठणठणीत. तापानं फणफणल्या म्हणून लेकानं, साईनाथनं, दवाखान्यात आणलं, तेव्हाही जिना स्वतः चढून आल्या.

भाग्यश्री सिस्टरनं वय विचारलं. तेही बाईंना नाही, लेकाला. आकडा ऐकला आणि कपाटातून डायपर काढलं.

"अगं, मी चालती हाय! संडास त्यो काय समोर. नुसता हात धर."

"पडलात तर माझ्यावर येईल, आजी. ह्यातच करायचं."

अहो, ही बाई शेतात आडोशाला बसतानासुद्धा दोघींना लुगडं धरून उभं करायची! तिला भरल्या वॉर्डात अंथरुणात कर म्हणतात!

शेजारच्या खाटेवर चोवीस वर्षांची ऋचा होती, गुडघ्याचं ऑपरेशन झालेली. तिला मात्र हीच भाग्यश्री कमरेला धरून रोज चालवायची. "पडून राहिलीस तर पायांतलं बळ जाईल हं," असं वर लाडानं सांगायची. सोजरबाईंच्या कानांना काही धाड भरली नव्हती. त्या सगळं ऐकत होत्या आणि आतल्या आत जळत होत्या.

मग बाईंनी पाणीच सोडलं. प्यायचं नाही, म्हणजे लागायचं नाही. तिसऱ्या दिवशी जीभ कोरडी पडली, त्या असंबद्ध बडबडू लागल्या. फायलीत लिहिलं गेलं, 'वयोमानानुसार भ्रम'. सलाईन उपटू नये म्हणून हात खाटेला बांधले. मग जे व्हायचं ते अंथरुणातच झालं, आणि सकाळचं डायपर बदलायला दुपार उजाडली. बाई हमसून हमसून रडल्या. म्हातारं माणूस रडतंच, असं म्हणून कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

आठव्या दिवशी ताप उतरला, घरी जायची परवानगी मिळाली. साईनाथनं हात धरून उठवलं, तर पाय लटपटले आणि बाई मटकन खाली बसल्या.

"अहो सिस्टर, जिना चढून आली होती ही!" तो ओरडला.

"वय झालंय दादा त्यांचं," चाकाची खुर्ची पुढं सरकवत भाग्यश्री म्हणाली. "घरीपण डायपरच वापरा."

साईनाथ आईपुढं उकिडवा बसला. "आई, निघायच्या आधी संडासला जायचंय का? मी उचलून नेतो."

"नगं रं," सोजरबाई म्हणाल्या. "हितंच झाली."