काकूंचा रस्ता

चौगुलेअण्णांना खुर्चीत निवांत बसलेलं मी क्वचितच पाहिलं. दूध संघाच्या कुपवाडच्या ऑफिसात नेटवर्क आम्ही दोघं सांभाळायचो. मी बसून, ते येरझाऱ्या घालून. हातात स्कूटरची किल्ली, ती सारखी खुळखुळायची. माझं डोकं उठायचं.

रस्त्यांच्या बाबतीत तर विचारूच नका. एकटे निघाले की एक रस्ता, सामान असलं की दुसरा, आणि मागे काकू, म्हणजे त्यांची बायको, बसल्या की तिसराच. काकूंच्या मणक्याचं ऑपरेशन झालेलं. त्यांना हादरा बसू नये म्हणून अण्णांनी लांबचे पण गुळगुळीत रस्ते हेरून ठेवले होते. "गाव त्येच, रस्तं त्येच. पर कोण चाललंय त्यावर नकाशा बदलतोय गड्या," म्हणायचे.

हेच त्यांनी ऑफिसात केलं. लोणंदपासून कुपवाडपर्यंत आमची केंद्रं एकाच जाळ्यात होती. कॅमेऱ्यांची चित्रं तारा तुंबवायची आणि फोनवरचा आवाज तुटायचा. अण्णांनी त्याच तारांवर दोन नकाशे बसवले, एक सगळ्यांसाठी आणि एक फक्त फोनसाठी, ज्यात कमी गर्दीच्या ताराच घेतल्या, आणि वाट ठरवणाऱ्या प्रत्येक राउटरला दोन्ही शिकवले.

"फोनचा रस्ता बंद पडला तर? सगळ्यांच्या रस्त्यानं सोडायचा ना?" मी विचारलं.

"आजाबात न्हाई. तुटका आवाज जाण्यापरीस न गेल्याला बरा."

मला पटलं नव्हतं. पण अण्णांना सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

पुढे काकूंची थोरली बहीण बुधगावला अंथरुणाला खिळली. शेवटची भेट व्हावी म्हणून काकू अण्णांच्या मागे स्कूटरवर बसल्या. त्यांची पिशवी घेऊन मी माझ्या गाडीवर. माधवनगरच्या अलीकडे काकूंचा रस्ता पाइपलाइनसाठी खणून ठेवलेला. दुसरा रस्ता चालू होता, पण सगळा खड्ड्यांचा. अण्णांनी स्कूटर पुढे घेतली, मागे घेतली, पुन्हा पुढे घेतली.

"आवं, चला की त्या रस्त्यानं. सोसंल मला."

"न्हाई. उद्या बघू."

आणि त्यांनी स्कूटर वळवली. काकू मान वळवून बुधगावच्या दिशेला बघत राहिल्या.

उजाडायच्या आत बहीण गेली. काकू भांडल्या नाहीत, रडल्याही बेताच्याच. एवढंच म्हणाल्या, "हाडं माझी हुती. मला इचारायचं तरी."

चार दिवसांनी अण्णा कामावर आले. किल्ली खिशातच होती. इतकी वर्षं त्या आवाजानं वैतागलेला मी, तो नाही म्हणून बेचैन झालो. अण्णा एकेक राउटर उघडून नियम बदलत होते: फोनचा रस्ता बंद असेल तर सगळ्यांच्या रस्त्यानं जाऊ दे.

"अण्णा, आवाज तुटंल."

"तुटू दे. पर पोचू दे रं."

अण्णा आता निवृत्त आहेत. नियम मी तसाच ठेवलाय. कधी लोणंदहून फोन येतो, शब्द अर्धे गळालेले, पलीकडचा माणूस वैतागून ओरडतो, "ऐकू येतंय का?"

"येतंय, येतंय," मी म्हणतो. "बोला."