गोजरबाईची पानथरी

आमच्या टेंभुर्णीत गोजरबाईला शोधायला पत्ता लागत नाही. बाजारच्या गर्दीत सगळ्यांच्या वर जिचा पदर दिसेल, ती गोजरबाई. लग्नात नवरा कचरू तिच्या खांद्याला लागत होता, आणि अंतरपाट धरायचा तरी किती उंच, यावरून वऱ्हाडी पोट धरून हसले होते. कचरूही हसला. बिचारा स्वभावानं चांगला.

गोजरबाई निम्म्या गावाची पोलकी शिवते. माप घेताना ती कुणाला जाड म्हणत नाही, कुणाला काडी म्हणत नाही. "ज्याचं माप त्याला," एवढं बोलते आणि टेप परत गळ्यात टाकते. स्वतःचं पोलकं मात्र ती कमरेच्याही खाली येईल असं शिवते, भर उन्हाळ्यात सुद्धा. मी एकदा म्हटलं, "अगं, उकडत न्हाई का?" तर असं बघितलं माझ्याकडं की मी मुकाट्यानं माझं कापड पुढं केलं.

त्या पोलक्याखाली, डाव्या बरगडीच्या खाली, तिच्या पोटावर बिब्ब्याच्या काळ्या फुल्या आहेत. ती लहान असताना तिच्या आईच्या हाताला तिथं काहीतरी कडक लागलं. म्हाताऱ्या म्हणाल्या, पोरीची पानथरी वाढली. पानथरी म्हणजे डॉक्टर लोक जिला प्लीहा म्हणतात ती. मग काय, बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरला आणि सुटलेल्या तेलानं पोटावर फुल्या ओढल्या. बिब्बा उतला, फोड आले, फोड गेले, डाग राहिले. सासरी न्हाणीत जावेनं ते पाहिले आणि दुपारपर्यंत आळीभर झालं, की सून रोगाची आणली. त्या दिवसापासून गोजरबाईनं कुणासमोर लुगडं बदललं नाही. बाळंतपणात सुद्धा ती सुईणीला म्हणाली, दिवा जरा लांब ठेव.

इतकी लाज जिनं भोगली, तिनं पुढं काय करावं? तिची मुलगी तृप्ती आईवरच गेली, वर्गातल्या पोरांपेक्षा उंच. एकदा अंगाला तेल लावताना गोजरबाईच्या हाताला तेच लागलं, त्याच जागी. घाबरलीच ती. तिनं बिब्बा घालणाऱ्याला घरी बोलावलं. पोरगी किंचाळत होती, लाथा झाडत होती, तेव्हा तिचे दोन्ही पाय दाबून धरले ते गोजरबाईनंच. मला या गोष्टीचा राग येतो, अजून येतो. पण तिनं ते दुष्टपणानं केलं नाही, हेही मला माहीत आहे.

तृप्ती मोठी झाली, लग्न होऊन जालन्याला गेली. नवऱ्याला तिनं सांगितलं, लहानपणी रॉकेलची चिमणी अंगावर सांडली. तिला मुलगी झाली, आकांक्षा. तीही ताडमाड. यंदा उन्हाळ्यात लेक आणि नात टेंभुर्णीला आल्या, आणि आजीनं नातीच्या अंगाला तेल लावायला घेतलं.

हात डाव्या बरगडीखाली गेला आणि थांबला.

"तृप्ते, हिलाबी हाय बघ. शनिवारी बोलावते बिब्बा घालणाऱ्याला."

तृप्तीनं पोरीला ओढून मांडीवर घेतलं. "माझ्या पोरीला हात लावायचा न्हाई कुणी. आधी डॉक्टरला दाखवू."

"डॉक्टरला काय कळतंय त्यातलं?" गोजरबाई चिडली, आणि जे कधी बोलली नसती ते बोलून गेली. "चल, मीबी येते. माझंबी पोट बघू दे त्याला. माझी पानथरी वाढलेली निघाली का मंग तर ऐकशील?"

नातीला वाचवायचं म्हणून ती जन्माची लाज सोडायला निघाली होती. एसटीत ती सारा रस्ता पदर पोटाशी घट्ट धरून बसली.

जालन्याच्या डॉक्टरीण बाई तरुण होत्या. त्यांनी आधी आकांक्षाला तपासलं, पोट दाबून पाहिलं, ताप येतो का विचारलं, रक्त काढलं, सोनोग्राफी केली. मग गोजरबाईचंही रक्त काढून तिला आत घेतलं. पोलकं वर करताना तिनं तोंड भिंतीकडं केलं. डॉक्टरीण बाईंनी फुल्या पाहिल्या आणि फुल्यांवरूनच यंत्र फिरवलं.

रक्ताचे कागद हाती आल्यावर त्यांनी तिघींना समोर बसवलं.

"मावशी, प्लीहा तुमची लांब आहे, नातीचीही जरा लांब आहे. पण म्हणून तो आजार होत नाही. धडधाकट माणसांत सुद्धा ती सारख्या मापाची नसते. उंच माणसाची मोठी, बुटक्याची लहान, पुरुषांची बायकांपेक्षा थोडी मोठी. बारीक पोरांच्या बरगडीखाली कधी कधी हातालाही लागते. रक्त तुमचं चांगलं, हिचंही चांगलं. तुम्ही घरातल्या सगळ्याच उंच आहात, एवढंच."

"मंग मला लहानपणी रोग नव्हता का?"

"तेव्हाचं मी आज कसं सांगू? हिवतापानं प्लीहा वाढते, तेव्हा तो असेलही. पण असता तरी बिब्ब्यानं नुसती कातडी भाजते, मावशी. आतल्या प्लीहेला काही कळत नाही."

गोजरबाईनं मान हलवली. दुसरं कुणी असतं तर सुटल्यासारखं हसलं असतं. तिला हसू आलं नाही. आपल्याला रोग नाही याचा आनंद तिच्यापर्यंत पोचलाच नाही, कारण त्याच्या आधी दुसरं काहीतरी पोचलं. शेजारी तृप्ती बसली होती, पदर पोटाशी घट्ट धरून, अगदी आईसारखी. जन्मभर गोजरबाईला आपल्या पोटाची लाज वाटली होती. आता तिला आपल्या हातांची लाज वाटू लागली.

तिघी तृप्तीच्या घरी आल्या. आकांक्षा बाहेर खेळायला पळाली. तृप्ती दिवाणावर पाय सोडून बसली आणि गोजरबाई खाली फरशीवर, भिंतीला टेकून.

"तृप्ते," गोजरबाई म्हणाली, "म्या सगळ्या गावाची मापं घेतली गं. ज्याचं माप त्याला म्हणत राह्यले. तुझं तेवढं मला कळलं न्हाई."

"तुला कुणी सांगितलंच न्हाई, माय."

"तू वरडत होती की. तेवढं तर ऐकू येत होतं मला."

गोजरबाई बसल्या बसल्या पुढं सरकली, वाकली, आणि माफी मागायला तिनं लेकीच्या, एकदा दाबून धरलेल्या त्याच पायांकडं हात नेले.

बोटं घोट्याला लागली मात्र, तृप्तीनं दोन्ही पाय झटकन वर ओढून पोटाशी घेतले. आपण काय केलं हे तिलाही मागाहून कळलं. तिचे डोळे भरून आले.

"असू दे, माय," ती म्हणाली. "असू दे."

पण पाय तिनं खाली सोडले नाहीत.