अध्यक्षांचा चीन

ये गं, अशी जवळ बस. इतकी लांब काय टेकलीस पाहुण्यासारखी? आणि त्या दिवशी व्याख्यानाला का नाही आलीस? याच शहरात अकोट्याहून पूल ओलांडायचा, तेवढंही तुझ्या जिवावर येतं. मी कारेलीबागेतून रिक्षा बदलून गेले, या गुडघ्यांनी! पण एका परीनं बरंच झालं. आली असतीस तर तुलाही शिसारी आली असती.

आमच्या इथल्या मराठी मंडळानं तिबेटवर व्याख्यान ठेवलं होतं. माझी शाळा सातवीत सुटली, पण तिबेट, चीन, ते पलीकडचे उइघुर मुसलमान, यांच्यावर कुणी बोलणार असलं की मी पुढच्या रांगेत. माणसांना आपल्याच घरात दबकून राहावं लागतं हे ऐकलं की मला स्वस्थ बसवत नाही.

बोलणारी तिबेटी मुलगी. युनिव्हर्सिटीत संशोधन करते. जन्म इकडचाच, निर्वासितांच्या वसाहतीतला. हिंदी आपल्यापेक्षा स्वच्छ. सुरू व्हायच्या आधी माझ्या शेजारी कागद चाळत बसली होती.

"आंटी, आज पहिल्यांदा घरचं सांगणार आहे," म्हणाली. तिच्या मावशीची मुलगी तिकडे तिबेटात सरकारी निवासी शाळेत ठेवलीय. एवढीशी पोर. सुट्टीत घरी आली की चिनीच बोलते, आणि आजीला चिनी येत नाही. तिकडचं सरकार मावशीला त्रास देईल म्हणून ही आजवर गप्प होती. आता मावशीनंच निरोप धाडला होता, की सांग.

मग काय, दिवा लावला. स्वागतगीत झालं. प्रास्ताविक झालं, परिचय झाला, शाल-श्रीफळ झालं. देणगीदारांचेही सत्कार उरकून घेतले. तोवर निम्मा वेळ संपला! मुलगी उभी राहिली. गावातल्या शाळा कशा बंद केल्या, पोरं कशी लांब नेली, उइघुरांच्या मुलांचंही तेच कसं चाललंय, सगळं नीट समजावलं. "आता माझ्या घरची गोष्ट," असं म्हणाली मात्र, चिटणिसांनी चिठ्ठी सरकवली. मला खुर्चीवरून दिसली. 'आटोपते घ्या.'

तिनं वाचली, कागद मिटले, धन्यवाद म्हणाली.

का, तर अध्यक्षीय समारोप राहिला होता ना! अध्यक्ष मागे चीनला सहलीला जाऊन आलेले. "काय ते रस्ते! काय ती शिस्त! फक्त खाण्याचे हाल. थेपले नेले होते म्हणून जिवंत परतलो." हॉल हसला. मग साप झाले, झुरळं झाली. शेवटी तिच्याकडे वळून म्हणतात, "बेन, आप लोग भी ऐसा कुछ खाते हैं क्या?"

"नहीं सर," ती म्हणाली. त्यावर आणखी हशा. शी! आपल्याच माणसांची इतकी किळस मला कधी आली नव्हती.

मी उठले. "अहो, तिचं अर्धवट राहिलंय. बोलू द्या तिला."

अध्यक्ष म्हणाले, "काकू, समारोपानंतर वक्त्यानं बोलायचं नसतं. प्रथा आहे."

प्रथा! पाहुणीचं तोंड बंद करून स्वतःची सहल सांगायची, ही प्रथा!

आभार झाले, बटाटेवडे आले. तेच हसणारे तिच्यासमोर चटणी चाटत, "बहुत अच्छा बोला आपने." मी माझी बशी तशीच ठेवून दिली. ती शाल हातात घेऊन माझ्यापाशी आली. "आंटी, मावशीला काय कळवू? बोलले म्हणून सांगू?"

म्हटलं, "आत्ता काहीच कळवू नकोस, बेटा. माझ्या घरी ये, आणि तिथे बोल."

येत्या रविवारी संध्याकाळी येतेय. सोसायटीतल्या सगळ्याजणींना सांगितलंय. सतरंज्या टाकू, चहा आधीच पाजू, म्हणजे मध्ये कपबशी वाजायला नको. अध्यक्षांचा फोन आला होता, प्रास्ताविकाला येऊ का म्हणून. मी फोन ठेवून दिला.

तू मात्र ये गं. आणि लवकर ये, तिनं तोंड उघडायच्या आत.