कचेरीचं म्युझियम झालं तेव्हा

"अरे, तूच आहेस की. बरं झालं. तेवढं पुसून घे."

पाहुण्यांना म्युझियम दाखवणारे कचेरीचे निवृत्त हेडक्लार्क माझ्या बाबांना म्हणाले. सगळ्यांसमोर. कुणा पाहुण्यांचं मूल फरशीवर ओकलं होतं.

बाबा त्या दिवशी कामाला आले नव्हते. बघायला आले होते. माझ्याबरोबर.

भाईंदरच्या खाडीजवळची ती जुनी सरकारी कचेरी. तिथे बाबांनी तीस वर्षं झाडू मारला. पुढे कचेरी दुसरीकडे गेली, इमारतीला रंग दिला, म्युझियम केलं. मीच म्हटलं, बाबा, चला, बघून येऊ. त्यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला. रिक्षात शर्ट चुरगळू नये म्हणून ताठ बसले.

आत साहेबांचं टेबल होतं, पितळी दौत होती. भिंतीवर सगळ्या साहेबांची नावं. मी एकेक वाचत होते, बाबा सांगत होते, हा रागीट, हा बरा होता. झाडणाऱ्याचं नाव कुठेच नव्हतं. त्यांनी शोधलंही नाही.

कोपऱ्यात तिवईवर माठ. खाली पाटी, 'कर्मचाऱ्यांचा पाण्याचा माठ'. बाबा हातभर लांबच थांबले. तीस वर्षं त्या माठातलं पाणी त्यांच्या ओंजळीत वरून ओतलं गेलं. आमची जात ती. आता अडवणारं कुणी नव्हतं. तरी त्यांचे पाय पुढे गेले नाहीत.

तेवढ्यात ते मूल ओकलं. हेडक्लार्क बोलले. आणि बाबा बाह्या दुमडायला लागले.

फडकं जिन्याखाली असतं हे त्यांना सांगावं लागलं नाही. घेऊन आले. गुडघ्यावर बसले.

मी हळूच म्हटलं, "बाबा, उठा."

"थांब गं. दोन मिनिटांचं काम."

मी बी.ए. झालेली. नुसती उभी. हेडक्लार्क पाहुण्यांना कौतुकाने सांगत होते, अजून सवय गेली नाही बघा, फार गुणी माणूस. एकाने मोबाईलवर फोटो काढला. बाबा त्याच्याकडे बघून हसले.

ते हसू मला मारून गेलं.

घरी येऊन त्यांनी शर्ट स्वतः धुतला. आईला सांगू नको म्हणाले. भूक नाही म्हणून जेवले नाहीत.

सोमवारी मी कामावर गेले. मीरा रोडला एका ऑफिसात मी कॉम्प्युटरवर बसते. आम्ही तिघी मुली. पाहुणे गेले की उष्टे कप उचलायला सर मलाच सांगत. दोन वर्षं उचलले. मीच का, हे कधी विचारलं नाही. उत्तर ठाऊक होतं म्हणून.

त्या दिवशीही सर म्हणाले, "जरा वो कप उठा ले."

"नहीं उठाऊंगी, सर. मेरा काम कॉम्प्युटर का है."

दोघी मुलींनी माना खाली घातल्या. सरांनी केबिनमध्ये बोलावलं. ताठा फार वाढलाय, महिनाअखेरीला तुझं बघतो, असं ऐकवलं. मी शब्द मागे घेतला नाही.

बाबांना मी हे सांगितलेलं नाही. ते घाबरतील, माफी माग म्हणतील. त्यांनी आयुष्यभर मागितली. त्या दिवशी म्युझियममध्ये मी गप्प राहिले, ते आता बदलत नाही.

नोकरी जाईल. जाऊ दे. मी माफी मागणार नाही.